संवाद: एका शब्दापाशी थांबून

काही शब्द रोजच्या हाताळणीने इतके गुळगुळीत होतात की त्यांचा अर्थ बोटांना लागेनासा होतो, आणि ‘संवाद’ हा त्यांतलाच एक. व्यासपीठावर दोन माणसे आळीपाळीने बोलली की आपण त्याला संवाद म्हणतो. वर्गात दोन मुले बोलली की मात्र त्यालाच गोंगाट म्हणून ‘तोंडावर बोट’ अशी आज्ञा सोडतो.

‘वद्’ म्हणजे बोलणे, आणि त्याआधीचा ‘सम्’ म्हणजे एकत्र, तसेच नीट, पुरतेपणी. प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांत, चौथ्या अध्यायात, सूत्रकार गौतम ज्ञानाच्या अभ्यासाबरोबर त्या विद्येच्या जाणत्यांशी संवाद करायला सांगतात, आणि तो कोणाशी करावा हे सांगताना गुरूच्या पंक्तीला शिष्य आणि सब्रह्मचारी यांनाही बसवतात. सब्रह्मचारी म्हणजे सहाध्यायी, आजच्या भाषेत बाकावरचा सोबती. ज्याच्याशी बोलतो म्हणून आपण मुलाला उठवून दुसरीकडे बसवतो, तोच हा.

एकदा चौथीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसून होतो. गुरुजींनी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहून ‘मोठा कोणता?’ विचारले, आणि एक मुलगा तत्काळ म्हणाला, ‘चतुर्थांश, कारण चार मोठे.’ गुरुजींनी चूकही म्हटले नाही, बरोबरही नाही. फक्त वर्गाकडे वळून ‘कशावरून?’ एवढेच विचारले आणि गप्प राहिले. त्या शांततेत एक मुलगी हळूच म्हणाली, ‘भाकरी तिघांत वाटली तर तुकडा मोठा येईल, का चौघांत?’ वर्ग तिच्या बाजूला झुकला. पण तो पहिला मुलगा बोटांवर काहीतरी मोजत राहिला आणि म्हणाला, ‘हां, पण मग दोन्ही भाकऱ्या सारख्याच पाहिजेत ना!’ बघा, उत्तर मुलीचे होते, पण ते उत्तर ज्या अटीवर उभे होते ती अट चुकलेल्या मुलाने शोधली. हा विचार नेमका कोणाचा म्हणायचा? मला वाटते, तो ‘सम्’चा.

गुरुजींचे ते गप्प राहणेही संवादातच मोडते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गातल्या प्रश्नांनंतरची शांतता मोजली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात असे दिसले. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात आणि मुले एकमेकांच्या बोलण्यालाही उत्तर देऊ लागतात.

सगळेच बोलणे संवाद नव्हे, हे मात्र आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले. गौतमांच्याच यादीप्रमाणे, तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त पाडायचे ती वितंडा. इंग्लंडमध्ये नील मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांतल्या मुलांचे बोलणे ऐकून तीन प्रकार वेगळे काढले: नुसते भांडण, नुसती हो ला हो, आणि कारणे मागत-देत केलेला शोध. गौतमांच्या यादीत नसलेला आणि मला अधिक धोक्याचा वाटणारा प्रकार त्यांतला मधला आहे. संगीतातला संवाद पाहा: यमन रागात गंधार हा वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि निषाद संवादी, म्हणजे संवादी स्वर तोच स्वर नसतो. अंतर राखूनच तो जुळतो. हो ला हो म्हणणारे मूल जुळत नाही, विरून जाते.

म्हणूनच गीतेच्या प्रत्येक अध्यायाची पुष्पिका, म्हणजे समारोपाची ओळ, तिला श्रीकृष्णार्जुनांचा संवाद म्हणते, हे मला विशेष वाटते. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन चक्क अडवतो: ज्ञानच श्रेष्ठ असेल, तर या घोर कर्मात मला का लोटतोस? भगवंत त्यावर रागावत नाहीत, आणि त्या अडवण्यातूनच कर्मयोग उलगडतो.

आता आणखी एक पदर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगोत्स्की (1896–1934) यांचे म्हणणे असे, की मुलाची विचारशक्ती आधी दोघांच्या मध्ये असते आणि मग एकाच्या आत जाते. बाहेरचे बोलणेच मुरत मुरत मौन होते. मर्सर यांच्या गटाने मुलांना एकत्र विचार करत बोलायला शिकवले, तेव्हा ती मुले पुढे एकेकटी बसून सोडवायच्या आकृत्यांच्या तर्कचाचणीतही सुधारलेली आढळली. सोबती उठून गेला तरी संवाद चालूच होता, असाच याचा अर्थ मी लावतो.

त्या चौथीच्या वर्गात शेवटी गुरुजींनी एक पंचमांश आणि एक षष्ठांश देऊन ज्याचे त्याने लिहायला सांगितले. वर्ग शांत झाला. तो मुलगा वहीवर वाकला होता, पेन्सिल अधांतरी होती आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ‘कशावरून’ एवढे मला ओठांवरून वाचता आले.