जादूगाराला काय द्यावे?

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत एक वाद कायमचा आहे. ज्याला आधीच मंत्र येतात, त्याला वर आणखी जादूची वस्तू द्यावी का? आणि द्यायचीच तर कोणती? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत बाजारात आला. तेव्हापासून खेळणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, वाद तसाच राहिला. खेळ थोडक्यात असा. चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि निकाल अधांतरी असेल तिथे फासा टाकतात. वाटेत पात्रांना वस्तू सापडतात. कोणाला काय सापडावे, हे बव्हंशी सूत्रधाराच्या मर्जीवर असते.

लढवय्याच्या बाबतीत त्याला फार विचार करावा लागत नाही. चांगली तलवार दिली की वार चांगला बसतो. मांत्रिकाचे तसे नाही. या खेळातल्या मांत्रिकाकडे दिवसाला मोजकेच मंत्र असतात. वापरलेला मंत्र मनातून पुसला जातो, ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून घेतलेली. पुढच्या आवृत्त्यांत नियम सैल झाले, तरी साठा मोजकाच राहिला. त्यामुळे मांत्रिकाला द्यायच्या वस्तू ढोबळपणे तीन तऱ्हांच्या असतात. काही वस्तू त्याचा मंत्र अधिक अटळ करतात; समोरच्याला तो झटकून टाकणे जड जाते. काही साठा वाढवतात. एक मोती असा आहे, की तो दिवसातून एकदा खर्च झालेली शक्ती परत देतो. अग्निगोळ्यांच्या कांडीत सात वेळा पुरेल एवढी शक्ती असते आणि ती रोज पहाटे थोडी थोडी भरून येते. शेवटचा कण वापरला, तर मात्र वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला की कांडीची राख. तिसऱ्या तऱ्हेच्या वस्तू मांत्रिकाला मुळात जे जमतच नव्हते, ते करू देतात.

खेळाडू बहुधा पहिली तऱ्हा मागतो. मुरलेला सूत्रधार ती द्यायला का-कू करतो आणि त्याचे बरोबर असते. मंत्र लागण्यात मांत्रिक सहसा अडलेला नसतो. तिथे त्याला आणखी बळ देणे म्हणजे वाहत्या पाटाला जादा उतार देणे. पाणी जोरात जाते, पण कोरडे शेत कोरडेच राहते. समोरच्याला निसटायला वावच उरला नाही, तर खेळातली गंमतही जाते. मांत्रिक अडतो तो दुसरीकडे. तिसऱ्या चकमकीला त्याची झोळी रिकामी झालेली असते, किंवा बंद दारापलीकडे काय आहे हे कळण्याचा मंत्र त्याच्यापाशी नसतो. चांगली वस्तू ही अडण्याची जागा हेरून दिलेली असते. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते खेळापुरते नाही. वस्तूने ताकद येत नाही. असलेल्या ताकदीची अडलेली वाट तेवढी मोकळी होते. म्हणून देणाऱ्याचे पहिले काम अडले कुठे हे शोधण्याचे.

याचा सगळ्यात लख्ख दाखला माझ्या माहितीत गडचिरोलीचा आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जंगलाचा मुलूख. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले, की न्यूमोनियाचा अंदाज येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ ही धोक्याची खूण, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास. गावातल्या दायांना बाळ कळत होते. कोणते मूल हसते-खेळते आहे आणि कोणते मलूल पडले आहे, हे ओळखायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आईचा विश्वास त्यांच्यावर होता आणि रात्री-अपरात्री हाकेच्या अंतरावर त्याच होत्या. त्या अडत होत्या ती जागा फार लहान होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला साठपर्यंत मोजणे जमत नव्हते.

यावर उपाय म्हणून साक्षरतेचे वर्ग काढता आले असते, किंवा दायांना बाजूला सारून शिकलेले कर्मचारी आणता आले असते. बंग यांनी श्वासमापक तयार केला. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि जोडीला ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. दहापर्यंतची मोजणी दाईला येतच होती. पुढचे ओझे मण्यांनी उचलले. बाळ ओळखण्याची नजर, औषध पाजण्याचा हात आणि आईशी बोलण्याची जीभ तिचीच राहिली. खेळाच्या भाषेत ही तिसऱ्या तऱ्हेची वस्तू. दाईला एकच गोष्ट जमत नव्हती, ती जमू लागली आणि बाकी सगळे होते तसे राहिले.

या मण्यांचा आणखी एक गुण मला मोलाचा वाटतो. लाल मणी दाईला दिसतो तसा शेजारी बसलेल्या आईलाही दिसतो. ज्या जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, तिथे ही साधी गोष्ट नव्हे. 2013 साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच प्रकारांमुळे. भोंदू मांत्रिकाचा धाक त्याच्या झाकलेल्या मुठीवर पोसला जातो. मुठीत काय आहे हे दिसले, की धाक संपतो. टेबलावरच्या खेळात जादू असली, तरी तिचे नियम छापील पुस्तकात सगळ्यांपुढे उघडे असतात. फासाही सर्वांदेखत पडतो. श्वासमापक त्या जातकुळीचा आहे. तो वापरणारीचा अधिकार वाढवतो, पण गूढ वाढवत नाही.

पुढे 1995 ते 1998 या काळात ‘सर्च’ने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी, बाळाला ऊब देणारी झोपपिशवी, औषधे आणि जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन होते. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. 2011 मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या कामात आणली.

हा आकडा पाहून कोणी म्हणेल, की पिशवीने हे केले. तसे म्हणणे चूक ठरेल. जन्मताच न रडलेल्या, श्वास न घेतलेल्या बाळाला वाचवण्याच्या पद्धतींचा याच गावांतला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधने पायरीपायरीने बदलत गेली. आधी तोंडाने श्वास देणे, मग नळी आणि मुखवटा, मग दाबायचा फुगा आणि मुखवटा. साधन सुधारले तसे मृत्यू घटले. पण दुसरा बदलही त्याच काळात झाला होता. आधी एकटी दाई होती, नंतर दाईच्या जोडीला शिकवलेली आरोग्यदूत उभी राहिली. साधन आणि हात दोन्ही बदलले, तेव्हा हा पल्ला गाठला गेला. खेळाच्या सध्याच्या नियमांत यालाच मिळतीजुळती अट आहे. प्रभावी वस्तू हाती आल्या आल्या चालत नाही. निदान तासभर तिच्यासोबत बसून तिच्याशी जुळवून घ्यावे लागते आणि एका वेळी अशा तीनच वस्तूंशी जुळते. चौथी हवी, तर आधीची एक सोडायची. हा नियम करणाऱ्याने माणसाच्या मर्यादेचा नीट विचार केला होता. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर नवे रजिस्टर, नवी मोहीम, नवे सर्वेक्षण टाकणाऱ्यांना मात्र ‘तीनच’ म्हणणारा नियम कोणी घालून दिलेला नाही.

2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुनाट, सतत बंद पडणारे आणि माहिती भरायचे ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. फुकट मिळालेली वस्तू माणसे आंदोलन करून परत करतात, हे वरवर विचित्र दिसते. पण सेविकेचे काम मुलाला जेवू घालण्याचे, त्याचे वजन घेण्याचे, आईशी बोलण्याचे. त्या कामात ती कुठे अडते, हा प्रश्न त्या फोनला पडलेला नव्हता. आकडे वर पोहोचत नाहीत ही वरच्यांची अडचण होती आणि तिचे उत्तर सेविकेच्या हातात दिले गेले. खेळात शापित वस्तू असतात. त्या दिसायला वरदान, पण एकदा जुळवून घेतल्या की सुटत नाहीत आणि धारकालाच राबवतात. वस्तू कोणाची अडचण सोडवते, हे विचारले की शाप आणि वरदान वेगळे करता येतात.

अडचण दर वेळी कौशल्याचीच असते असेही नाही. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे ज्ञानाची वाण नव्हती. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले होते आणि सर्वांच्या संमतीनेच निर्णय घेण्याची शिस्त अंगी बाणवली होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर विकायला नेता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे होते. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कागदाच्या त्या पुस्तकात स्वतःची अशी काही ताकद नव्हती. हक्क कायद्याने दिला होता, तो पेलण्याची तयारी गावाने आधीच्या कित्येक वर्षांत केली होती. अडले होते ते पुस्तकाच्या जाडीएवढ्या जागेत.

श्वासमापक आणि परवान्याचे पुस्तक एका बाजूला, सेविकांचे मोबाइल दुसऱ्या बाजूला. किंमत पाहिली, तर मोबाइल सर्वांत महाग. नेमकेपणा पाहिला, तर क्रम उलटा होतो. यात एक अवघड सत्य आहे. अडचणीची जागा दुरून दिसत नाही. खेळातला सूत्रधार खेळाडूंसोबत त्याच टेबलाला बसतो, त्यांची फजिती दर वेळी पाहतो, म्हणून त्याला नेमकी वस्तू देता येते. योजना आखणारा मुंबई-दिल्लीत बसतो. ‘सर्च’ने रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोकांनी सांगितले ते यंत्रांबद्दल नव्हते. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत आणि तिथे आपला देव नसतो, असे ते म्हणाले. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतले रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे झाले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. डॉक्टरांची विद्या तीच होती. ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

तेव्हा मांत्रिकाला काय द्यावे, या जुन्या वादावर माझे उत्तर असे. यादीतून वस्तू निवडण्याआधी त्यालाच विचारावे, की तू कुठे अडतोस. तो सगळ्यात मोठी कांडी मागेल, तर प्रश्न पुन्हा विचारावा, कारण हाव आणि अडचण यांतला फरक त्यालाही पहिल्या दमात कळतोच असे नाही. पुन्हा विचारल्यावर येणारे उत्तर बहुधा लहान, स्वस्त आणि दिखाऊपणाला निरुपयोगी असते. देणाऱ्याला नाव मिळवून देईल असे त्यात काही नसते. म्हणूनच ते ऐकून घेणे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त जड जाते.