बघण्यासारखं काय आहे?

सहलीचा बेत हा माणसाच्या नीतीची परीक्षा घेणारा कागद आहे. काय बघायचं हे त्यावर आपण लिहितो, आणि काय बघायचं नाही हे न लिहिता ठरवतो.

जुन्नरचा बेत घ्या. पहिला शिवनेरी. १६३० साली शिवराय जिथं जन्मले तो गड वगळण्याची छाती कुणाला आहे? मग लेण्याद्री. पायऱ्या पावणेतीनशेच्या वर आहेत आणि गणपती मूळच्या बौद्ध लेण्यात बसलाय, असं मी आमच्या आईला सांगितलं. "मग? जागा काय रिकामी ठेवायची?" ती म्हणाली. इतिहासाची इतकी सुटसुटीत मीमांसा माझ्या वाचनात नाही. शेवटी नाणेघाट. सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख, आणि जकातीची नाणी टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण. म्हणजे आजच्या टोलनाक्याला वाटेत नावं ठेवत आपण दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका बघायला जातो आणि तिथं मात्र गहिवरतो!

शेजारच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. त्याची कचेरी घोडेगावला. आणि खुद्द आंबेगाव? ते घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं. गाव गेलं, नाव तेवढं दाखल्यांवर उरलं. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचं. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण १९३० साली मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. त्यानं जीव दिला तो स्वतःच्या मर्जीनं. गावानं घरं दिली ती कुणाच्या मर्जीनं?

बरं, धरण नको असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. त्या पाण्यावर खालची शेतं भिजतात, आणि मंडईतला कांदा-बटाटा पिशवीत टाकताना मी कधी पाण्याची चौकशी केलेली नाही.

पण मग सहलीच्या कागदावर आंबेगाव का नसतं? तिथं बघण्यासारखं काही नाही, नुसतं पाणी आहे म्हणून? मला वाटतं, खरं कारण वेगळं आहे. ज्याचं देणं मागायला कुणी उरलेलं नाही, त्याला आपण इतिहास म्हणतो आणि डबे घेऊन बघायला जातो. ज्याचे धनी अजून हयात आहेत, ते नुसतं जुनं प्रकरण. सावकाराच्या दारावरून कूळ जसं झपाझप पावलं टाकतं, तशी आपली मोटार भीमाशंकरच्या वाटेवर डिंभ्याशी वेग घेते.

गाडी थांबवल्यानं देणं फिटत नाही, हे खरं. पण आपण कुणाचे देणेकरी आहोत, एवढं तरी कळतं.