किराया कशाचा?

वऱ्हाडात घरभाड्याला किराया म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटसारख्या गावात किरायाने राहणारे म्हणजे बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली कुटुंबे. दोन खोल्या, मोरी, विजेचे सबमीटर आणि नळाची वेळ एवढे ठरले की बोलणी मिटतात. पण महिन्याच्या महिन्याला दिला जाणारा हा पैसा नेमका कशाचा असतो? भिंतीचा, भिंतीखालच्या जमिनीचा, की तिथे राहू देण्याचा?

यातला पहिला भेद धर्मशास्त्राने ओळखला होता. नारदस्मृतीत भाड्याला ‘स्तोम’ असा शब्द आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर स्तोम देऊन ज्याने घर बांधले, त्याने सोडून जाताना गवत, लाकूड, विटा सोबत न्याव्यात, असा तिचा निर्वाळा. स्तोम न देता, मालकाच्या मर्जीविरुद्ध राहिलेल्याला तो हक्क नाही. जमीन एकाची, बांधणी दुसऱ्याची, आणि दोन्ही वेगळी काढता येतात, हे इथे गृहीत आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत ते पटणार नाही. तिथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ जंबेरीचे राहते, फळ संत्र्याचे येते. एकदा सांधा धरला की कोणाचे किती, हा हिशेब संपतो. पक्के घर या कलमासारखे आहे. गवताचे छप्पर उचलून नेता येते, स्लॅब नेता येत नाही.

अॅडम स्मिथने 1776 मध्ये हीच फोड अर्थशास्त्रात केली. इमारतीचे भाडे म्हणजे बांधकामात घातलेल्या पैशाचा परतावा आणि डागडुजी. जागेचे भाडे मोक्यावर ठरते, आणि मोका काही मालकाने घाम गाळून आणलेला नसतो. रस्ता, शाळा, बाजार गावाने उभे करायचे आणि त्यांची किंमत मालकाने वसूल करायची, हा न्याय कुठला? खरा नैतिक आक्षेप इथे आहे. लहान गावात किरायातला हा वाटा थोडा असतो, म्हणून तो सहसा कोणाला टोचत नाही. मुंबईत टोचतो.

कायद्याने मात्र भिंत आणि जमीन पुन्हा एकत्र बांधली आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार पूर, आग किंवा वादळाने घराचा मोठा भाग नष्ट झाला, तर भाडेपट्टा रद्द ठरवण्याची मुभा भाडेकरूला आहे, मालकाला नाही. महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले, की इमारत गेली म्हणून भाडेकरार संपत नाही, कारण भाड्याने दिलेल्यात जमीनही असते. नदीकाठी पुराच्या या तरतुदीला वेगळेच वजन येते. वरूडपासून जवळच, वर्धा नदीवरच्या मोवाडमध्ये 30 जुलै 1991 च्या पुराने 204 बळी घेतले आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. जमीन होती तिथेच राहिली, राहण्याजोगी मात्र उरली नाही.

जमिनीवर कोणाचा हक्क असावा, हा प्रश्न महानुभाव पंथाने मुळातूनच सोडून दिला. अमरावती जिल्ह्यातलेच रिद्धपूर हे त्यांचे मोठे तीर्थ, गोविंदप्रभूंचे स्थान. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी संन्यस्त अनुयायांना सांगितले ते असे, की गाव धरून बसू नये, भिक्षेवर जगावे, झाडाखाली आयुष्य काढावे. घरच नाही, तर मालकही नाही आणि किरायाही नाही. संसारी माणसाला हे जमणारे नाही. पंथानेही ते संन्याशांपुरतेच ठेवले.

उरतो तिसरा अर्थ, राहू देण्याचा. तो फक्त पैशाचा व्यवहार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1917 च्या बडोद्यातल्या अनुभवावरून दिसते. संस्थानात मोठ्या पदावर नेमणूक होती, खिशात पैसे होते, पण अस्पृश्य म्हणून खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. घेणाऱ्याने किराया नाकारला की त्या पैशाला काही किंमत राहत नाही. आजही खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले जाते, तेव्हा चौकशी ऐपतीची नसते.

किराया न घेताही राहू देता येते. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे गाडगे महाराज (1876–1956) यांनी तशा धर्मशाळा बांधल्या. कीर्तनातून जमलेला पैसा त्यात घातला आणि पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. देणगीदार भिंतीचे पैसे आधीच देऊन गेलेला असतो, त्यामुळे मुक्कामाला आलेल्याकडे किराया मागावा लागत नाही. किरायाबरोबर येणारा राहण्याचा हक्कही त्यामुळे इथे नसतो. ठरलेले दिवस भरले की वळकटी उचलायची आणि कोपरा पुढच्यासाठी मोकळा करायचा.