शेवटच्या घरापर्यंतचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की सांगलीजवळच्या माधवनगरच्या पेठांमध्ये जी चर्चा रंगते, तिच्यातली नावे ठरलेली असतात. मेकॅनिकल, कॉम्प्युटर, फार्मसी, नाहीतर बी.कॉम. करता करता सी.ए. बुधगावचे इंजिनिअरिंग कॉलेज तर सायकलच्या टप्प्यात आहे, आणि गुण चांगले असतील तर विश्रामबागेतले वालचंद. अलीकडे या यादीत एक अनोळखी नाव येऊ लागले आहे : दूरसंचार आणि माध्यम उद्योगाचे व्यवस्थापन. पुण्याजवळ लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसच्या दोन संस्था आहेत. माध्यमांची १९९० मध्ये सुरू झाली, टेलिकॉम व्यवस्थापनाची १९९६ मध्ये. दिल्लीच्या आयआयटीत २००० मध्ये दूरसंचाराचे तंत्र आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणारे भारती स्कूल निघाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर याच विषयाला वाहिलेले संशोधन केंद्र १९८३ पासून आहे. मुलगी हे सगळे घरी सांगते, आणि वडील विचारतात, "म्हणजे टॉवर उभारायला शिकणार, की बातम्या द्यायला?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. टॉवर आणि बातमी यांच्यामध्ये एक खतावणी असते आणि हे शिक्षण त्या खतावणीचे आहे. शब्द, सूर, चित्र माणसाच्या घरापर्यंत पोचवायला खर्च येतो. तो कोणी सोसायचा, आणि ज्याच्याकडून काही सुटणार नाही अशा शेवटच्या घराचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हा या विद्येचा गाभा आहे असे मला वाटते. तो शिकायला लवळ्याला किंवा न्यूयॉर्कला जरूर जावे. पण जाण्याआधी आपल्या जिल्ह्याने हा हिशोब पावणेदोनशेहून अधिक वर्षे कसकसा मांडला, ते पाहून जावे. अभ्यासक्रमांत ही उदाहरणे क्वचितच येतात, याची मला मनापासून खंत आहे.

सुरुवात सांगलीच्या राजवाड्यापासून करावी लागते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले ते श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. खर्च संस्थानाचा, प्रेक्षक निमंत्रित. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले, आश्रय आटला. भाव्यांपुढे दोनच वाटा होत्या : खेळ बंद करायचा, किंवा मंडळी घेऊन बाहेर पडायचे. ते बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककार आणि नटांच्या नावांनी सांगतो. पण त्या दोन वर्षांत घडले ते आर्थिक स्थित्यंतर होते. एका धन्याच्या पैशावर चालणारी कला अनेक अनोळखी माणसांच्या छोट्या छोट्या पैशांवर उभी राहिली. आज एखादी वृत्तवाहिनी एका उद्योगपतीच्या जाहिरातींवरून प्रेक्षकांच्या वर्गणीवर येऊ पाहते, तेव्हा तिला हाच उंबरठा ओलांडायचा असतो.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे, आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे. मिरज–पुणे लोहमार्गावर, सांगलीच्या उत्तरेला, कुंडल रोड नावाच्या स्टेशनालगतच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना वसवला. तीच किर्लोस्करवाडी. जमीन औंध संस्थानची, माल लोखंडी नांगराचा. त्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. गिऱ्हाइकांना कारखान्याची वार्ता कळावी, एवढाच तिचा मूळ हेतू. पण ती शंकरराव किर्लोस्करांच्या हाती होती. चित्रकाराचा डोळा आणि संपादकाचे धाडस असलेल्या या माणसाने त्या पत्रिकेचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक केले. १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, तेही नांगर विकत घेणाऱ्या देवभोळ्या गिऱ्हाइकाची पर्वा न करता.

व्यवस्थापनाच्या नजरेने पाहिले तर ही गोष्ट विलक्षण आहे. छापखाना पुण्या-मुंबईत नाही, वाचक गावोगाव विखुरलेले, रस्ते नाहीत. मासिक पोचवले ते रेल्वेने आणि पोस्टाने. नोंदणीकृत नियतकालिकांना पोस्ट सवलतीचा दर लावते. शेवटच्या वाचकाचा बराचसा खर्च सरकारी टपालखात्याने, म्हणजे पर्यायाने सगळ्या करदात्यांनी उचलला होता. थोडा भार कारखान्याने पेलला, थोडा जाहिरातदारांनी, उरलेला वर्गणीदारांनी. ही चौघांची वाटणी जमली म्हणून माळरानावरून मराठी घरांत स्त्रियांच्या शिक्षणाची, विधवांच्या हक्काची, संततिनियमनाची चर्चा पोचली. शंकररावांची लेखणी थोर होतीच. पण टपालाचा दर चौपट असता तर ती लेखणी कुंडलच्या शिवाराबाहेर फारशी गेली नसती.

कोलंबियाचा उल्लेख वर आला. त्या विद्यापीठाशी मराठी पत्रसृष्टीचे नाते जुने आहे. नारायण भिकाजी तथा नानासाहेब परुळेकर तिथे डॉक्टरेट करून आले. अमेरिकेतली वृत्तपत्रे कशी चालतात हे त्यांनी पाहिले होते. १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला तेव्हा मराठी पत्रांमध्ये अग्रलेखाचे राज्य होते. त्यांनी बातमीला मान दिला, सामान्य माणसाच्या रोजच्या अडचणींना पानावर जागा दिली. परदेशी शिकून आलेल्या मुलांविषयी आपल्याकडे जी भीती असते, तिला परुळेकर हे उत्तर आहे. त्यांनी तिथली पद्धत आणली आणि बातम्या इथल्या छापल्या.

मग रेडिओ. आकाशवाणीचे सांगली केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे २३९.८ मीटर्स, हा आकडा या भागातल्या एका पिढीला पाढ्यासारखा पाठ आहे. रेडिओचे अर्थशास्त्र शिकणाऱ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. प्रक्षेपकाला जो खर्च येतो तो एकदाच येतो. पुढे ऐकणारा एक असो की पाच लाख, केंद्राचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. जतच्या धनगरवाड्यावरचा ट्रान्झिस्टर आणि गावभागातला रेडिओ यांना सारखाच सूर मिळतो, आणि लहरींना महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमाही ठाऊक नसते. पूर्वी श्रोत्याला पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन्स नूतन करावे लागे. १९८०च्या दशकात तेही गेले. शेवटचे घर इथे फुकट पोचते. ही प्रसारणाची खरी ताकद आहे.

मोबाइलचे गणित नेमके उलटे. इथे प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा द्यावा लागतो. एका टॉवरखाली शंभर जण क्रिकेट पाहू लागले की त्याच सामन्याच्या शंभर प्रती हवेतून जातात आणि एकशे एकाव्याचे चित्र अडखळते. त्यामुळे कंपनीचा टॉवर दाट वस्तीकडे धावतो. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातल्या पहिल्या मोबाइल कॉलवर बोलले, त्या दिवसापासून आजवर हा कल बदललेला नाही. लहरींचे लिलाव सर्कलवार होतात. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. पुण्याचे हिंजवडी आणि जतचे उमदी एकाच बोलीत विकले जातात. पैसे वसूल होतात हिंजवडीत. उमदीला सेवा मिळावी म्हणून मग नियम लागतात : अमुक मुदतीत अमुक इतका भाग व्यापलाच पाहिजे. आणि निधी लागतो. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी बाजूला काढण्याची व्यवस्था आपण केली. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. विद्यार्थ्याने हा निधी कुठे खर्ची पडतो, कुठे पडून राहतो, ते एका तालुक्यापुरते तरी शोधावे. तेवढ्या एका शोधातून त्याला वर्षभराच्या व्याख्यानांहून अधिक कळेल.

एक उदाहरण अभियंत्यांचेही द्यायला हवे. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी बनवलेले १२८ लाइनचे टेलिफोन एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय चालायचे. बाहेरची यंत्रे गार खोली मागत होती, आणि आपल्या गावात धड वीजही नव्हती. उन्हा-धुळीत टिकेल असे यंत्र बनवायचे, हा निर्णय तांत्रिक दिसतो. खरे तर शेवटचे घर कोणते, हे आधी ठरवूनच तो घेतला गेला होता.

आता माधवनगरात या. उसाचा हंगाम सुरू झाला की इथल्या केबलवाल्याचा फोन थांबत नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर उंच रचलेला ऊस, आणि रस्ता ओलांडणाऱ्या केबलला पडलेला झोळ. एक मोळी अडकते, केबल ओढली जाते, अर्ध्या पेठेचे इंटरनेट जाते. मग शिडी खांबाला लागते. केबलवाल्याकडचा मुलगा केबलचे काळे आवरण सोलतो. आत निळा, केशरी, हिरवा अशा रंगांचे केसासारखे धागे. स्पिरिटच्या बोळ्याने तो एकेक पुसतो, टोक सरळ कापतो आणि स्प्लायसिंग मशीनच्या खाचेत ठेवतो. छोट्या पडद्यावर काचेची दोन टोके एकमेकांसमोर येतात, क्षणभर ठिणगी पडते, जोड बसतो. मशीन तूट किती ते डेसिबलमध्ये सांगते. आकडा जास्त आला की जोड मोडून पुन्हा मारायचा. असे एकामागून एक धागे, रस्त्याकडेला, वाहनांचा धुरळा अंगावर घेत.

याच केबलवाल्याची वही पाहावी. यंत्रमागावरच्या अनेक कामगारांचा पगार आठवड्याचा. महिन्याचे पॅक एकदम भरणे त्यांना जड जाते. केबलवाला दोन हप्त्यांत घेतो, दिवाळीच्या बोनसवर थांबतो, घरात कोणी आजारी असेल तर कनेक्शन तोडत नाही. मोठ्या कंपनीच्या ॲपला हे जमत नाही. तारीख उलटली की सेवा बंद. १९९० नंतरच्या काळात डिश लावून सुरू झालेला हा धंदा २०१२ ते २०१७च्या डिजिटायझेशनमधून गेला, २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दररचनेला सामोरा गेला आणि आता फायबरवर जगू पाहतो आहे. त्याची उधारीची वही म्हणजे शेवटच्या घराला जोडून ठेवणारे भांडवल. एमबीएच्या ताळेबंदात तिच्यासाठी रकाना असायला हवा.

मोजणीबद्दलही बोलले पाहिजे. टीव्ही कोण किती पाहतो हे मोजणारी जुनी व्यवस्था मुख्यत्वे शहरी होती. बार्क या नव्या मोजणी संस्थेने २०१५ मध्ये काम सुरू केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडेही येऊ लागले. जे घर मोजले जात नव्हते, त्याच्यासाठी मालिका बनवायला जाहिरातदार पैसे देत नव्हता. मोजण्याची पद्धत ठरवणारा माणूस नकळत कार्यक्रम ठरवत असतो. या विद्याशाखेचे विद्यार्थी पुढे नेमक्या त्या खुर्च्यांवर बसणार आहेत, म्हणून त्यांनी खेड्यात राहून पाहिलेले असणे मला महत्त्वाचे वाटते.

दूरसंचार आणि माध्यमे एकत्र का शिकायची, याचे उत्तर २०२२च्या आयपीएल लिलावात मिळते. पाच वर्षांचे हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले, आणि भारतातल्या डिजिटल हक्कांची बोली टीव्हीच्या बोलीहून वर गेली. तार ज्याची, त्याचाच खेळ, अशी ही दिशा आहे. अशा वेळी मराठीतल्या छोट्या निर्मात्याने, सांगलीच्या दैनिकाने, स्थानिक वाहिनीने कोणाच्या तारेवरून जायचे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणारी माणसे मराठी समाजाकडे हवीत. वकील आहेत, अभियंते आहेत, पत्रकार आहेत. तिन्ही भाषा एका बैठकीत बोलू शकणारे फार थोडे आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इशारा पातळी ४०, धोक्याची ४५. अशा पुरात वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, आणि जनरेटरला डिझेल न्यायला रस्ता उरत नाही. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेव्हा जिवंत राहतो, पण तोवर तो बहुतेक घरांतून गेलेला होता. मोबाइलमध्येच थेट प्रसारण पकडता येईल, त्याला डेटा लागणार नाही, असे तंत्र देशात तपासून पाहिले जात आहे. मोबाइल कंपन्यांचा त्याला विरोध आहे, कारण फुकट पोचणाऱ्या चित्रावर डेटा विकता येत नाही. कृष्णाकाठच्या माणसाने या वादात गप्प बसू नये. रेडिओचे अर्थशास्त्र मोबाइलच्या पेटीत घालायचे की नाही, हा आपल्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इलेक्ट्रॉनिक्स वालचंदमध्ये शिकवतात, वाणिज्य चिंतामणराव कॉमर्समध्ये, आणि पत्रकारिता पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. या तिघांनी मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम चालवावा. पहिल्या सत्रात किर्लोस्करवाडीचा आणि भाव्यांच्या मंडळीचा जमाखर्च अभ्यासावा. दुसऱ्यात विद्यार्थ्यांनी एका केबलवाल्याबरोबर महिनाभर वसुलीला आणि खांबावर जावे, आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांकडून प्रक्षेपक समजून घ्यावा. तिसऱ्यात जत आणि आटपाडीतल्या वाड्यांवर कुठे रेंज येते, कुठे नाही, याचा नकाशा काढून तो जिल्हा परिषदेपुढे आणि ट्रायपुढे मांडावा. जतच्या पूर्व भागात काम कन्नडमध्येही करावे लागेल, तेव्हा ती भाषा येणारी मुले हवीत. चौथे सत्र नोकरीचे : कंपनीत, वाहिनीत, नियामकाकडे, किंवा स्वतःच्या धंद्यात. फी एवढीच असावी की यंत्रमाग कामगाराच्या मुलीला अर्ज करताना घरी विचारावे लागेल, पण कर्ज काढावे लागणार नाही.