घरातली गाडी आणि गिअरबॉक्सची शंका

नात्यातल्या नात्यात जुनी गाडी विकली जाते तेव्हा तिच्या दोषाबद्दल कोणी, किती आणि केव्हा बोलावे, हा प्रश्न धर्मशास्त्राने आणि कायद्याने दोघांनीही हाताळला आहे. वडोद्याच्या दक्षिण भागात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या मांजलपुरात तो वरचेवर उभा राहतो. गायकवाडांच्या अमलापासून इथे स्थिरावलेल्या मराठी घरांचा गोतावळा शहरभर असतो. मामांची मुले शिकून परगावी गेली की सात आसनी ईको दारात नुसती उभी राहते. इकडे भाच्याच्या घरी आई-वडील, दोन मुले आणि गरुडेश्वर, नारेश्वर, पावागढच्या फेऱ्या. गाडी घरातच राहावी असे सगळ्यांनाच वाटते. मामांना मात्र एक गोष्ट ठाऊक असते: सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर पडताना खरखर होते. गिअरबॉक्स जाणार की आणखी पाच वर्षे चालणार, हे त्यांनाही सांगता येत नाही.

त्या खरखरीचा अर्थ एकच नसतो. क्लच दाबूनही पुरता सुटत नसेल तर गिअरबॉक्स न खोलताच काम भागते. गिअरबॉक्समधले ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नसेल तर ते बदलल्यावर गिअर मऊ पडू लागतो. आतली सिंक्रोनायझर रिंग झिजली असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवून खोलावाच लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लचवरचा पाय काढला की आवाज येत असेल आणि क्लच दाबला की तो थांबत असेल, तर मेकॅनिकचा संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेरिंगवर जातो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेरिंगवर. ऑइल काढल्यावर त्यात धातूचा चुरा चकाकला तर झीज आत पोचली आहे हे नक्की. एवढे करूनही गिअरबॉक्स किती किलोमीटर टिकेल हे कोणी लिहून देत नाही. शिवाय प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. पावागढच्या माचीवरून उतरताना गिअर सटकला तर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागच्या आसनावर आजी आणि नातवंडे बसलेली असतात.

कायद्याने या प्रसंगाकडे थेट पाहिले आहे. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार वस्तूच्या दर्जाची अध्याहृत हमी सर्वसाधारणपणे नसते. जे अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. मामा गाड्यांचे व्यापारी नाहीत, तेव्हा ग्राहकाने डोळे उघडे ठेवून घ्यावे, असा नियम त्यांना लागू होईल. पण १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ याच्या पुढे जाते. नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे ते आधी सांगते, आणि लगेच दोन अपवाद करते: परिस्थितीमुळे बोलणे हे कर्तव्य ठरत असेल, किंवा गप्प राहणे बोलण्याइतकेच अर्थपूर्ण असेल, तर ते मौन कपट ठरू शकते. कलमाखालची उदाहरणे घोड्याची आहेत. एकजण लिलावात दुसऱ्याला घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. हे कपट नाही. तोच घोडा घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य आहे. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा चांगला समजेन,’ आणि विकणारा गप्प बसतो. तिथे मौन म्हणजे बोलणेच.

दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही तीन वाक्ये आजच्या ईकोला जशीच्या तशी लागतात. पहिल्या दोन उदाहरणांत घोडा एकच, दोषही एकच. नाते बदलले तेवढ्याने निवाडा बदलला. चाळिशीचा भाचा आणि नुकतीच सज्ञान झालेली मुलगी कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत, आणि न्यायालय प्रत्येक नात्यात विश्वास खरोखर किती होता ते तपासूनच ठरवील. तरी उदाहरणामागचे तत्त्व स्पष्ट आहे. परक्याकडून गाडी घेताना भाच्याने दहा ठिकाणी दाखवली असती. मामांची म्हणून तो ती न बघता घेतो. ‘घरचीच गाडी आहे, बघायचं काय त्यात,’ हे वाक्य मामी चहाचा कप पुढे करताना प्रेमानेच म्हणतात, पण त्या वाक्याने तपासणीची जागा नात्याने घेतलेली असते. ज्या क्षणी असे होते त्या क्षणी दोष सांगण्याचे ओझे पूर्णपणे विकणाऱ्याकडे येते. नाते हे कमी बोलण्याचे निमित्त समजले जाते. खरे तर ते जास्त बोलण्याचे कारण आहे.

धर्मशास्त्रातही या व्यवहाराला स्वतंत्र जागा आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर वाटणारा पश्चात्ताप, हे एक पद आहे, आणि पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवसांत वस्तू परत देण्या-घेण्याची मुभा आहे. भेसळीचा, निःसत्त्व, कमी भरणारा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असेही मनू सांगतो. याज्ञवल्क्य अधिक बारकाईने वस्तूगणिक परीक्षेची मुदत देतो: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. दूध किती देते हे तीन दिवसांत कळते, बैल जुंपल्याशिवाय कळत नाही, बी पेरल्याशिवाय कळत नाही, असा व्यवहारी हिशेब त्यामागे दिसतो. दासदासींच्या परीक्षेचीही मुदत त्याच यादीत आहे, ही त्या समाजाची लाजिरवाणी बाजू. ती झाकण्याचे कारण नाही. ओझे वाहणाऱ्या जनावराचे पाच दिवस आजच्या गाडीला लावले तर सल्ला उत्तम ठरतो: आठवडाभर गाडी भाच्याच्या दारात राहू द्यावी, सकाळची थंड सुरुवात आणि भरल्या गाडीचा चढ दोन्ही त्याने पाहावेत, मग पैसे द्यावेत.

नारदस्मृती दोन्ही बाजूंना बांधते. घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखावेत, आणि पारखून पसंत केलेली वस्तू पुन्हा विकणाऱ्याच्या गळ्यात घालू नये. उलट, निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याने दुप्पट किंमत भरावी आणि तेवढाच दंडही द्यावा.

जैन परंपरेने हा विषय व्यापाऱ्याच्या रोजच्या व्रतात आणला. बाराव्या शतकात गुजरातच्या पाटणमध्ये राजा कुमारपाळाला मार्गदर्शन करणाऱ्या हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाने टाळायची पाच मोठी असत्ये सांगितली आहेत: कन्येविषयी, गायीविषयी, जमिनीविषयी खोटे बोलणे, ठेव बुडवणे आणि खोटी साक्ष. गायीविषयीच्या असत्यात सर्व जनावरे येतात, आणि ते दोन्ही दिशांनी होते. थोडे दूध देणारीला खूप दुभती म्हणणे हे असत्य, तसेच खूप दुभतीला भाकड ठरवणेही. ही दुसरी दिशा सहसा विसरली जाते. समजा गाडी मामांची नसून मावशींची आहे. काका वारले, मावशींना गाडीतले काही कळत नाही, आणि भाचा मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्रांवरच काम करतो. खरखर जुन्या ऑइलची आहे हे त्याला पाच मिनिटांत समजते. तरी ‘गिअरबॉक्स गेलाय, खर्च मोठा आहे’ असे म्हणून त्याने भाव पाडला, तर कर्तव्याची जागा बदलली आहे हे ओळखले पाहिजे. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याने बोलायचे, मग तो विकणारा असो की घेणारा. विधवेच्या अज्ञानावर मिळवलेली सूट हा या सगळ्या विषयातला सर्वांत वाईट प्रकार आहे, आणि त्याविरुद्ध कोणी न्यायालयात जात नाही म्हणून तो आणखी वाईट.

मूळ प्रश्नाचा कठीण भाग इथून पुढे आहे. मामांना दोष ठाऊक नाही, शंका आहे. शंका सांगायची असते का? न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान दिले आहे. वात्स्यायन भाष्यात म्हणतो की जे मुळीच ठाऊक नाही त्याबद्दल विचार चालत नाही, जे ठरून गेले त्याबद्दलही चालत नाही. तो चालतो संशयित गोष्टीबद्दल. म्हणजे शंका हे अज्ञान नव्हे. काय तपासायचे ते शंका दाखवते, आणि घेणाऱ्याला नेमके तेच हवे असते. ‘दुसरा गिअर सकाळी खरखरतो, हिवाळ्यात जास्त, दोन वर्षांपासून, कोणाला दाखवलेला नाही’ एवढे सांगितले की मामांचे कर्तव्य पुरे झाले. निदान करणे त्यांच्याकडे नाही. ‘जुनी गाडी म्हटल्यावर काही ना काही निघणारच’ असे सांगणे मात्र नरो वा कुंजरो वा. शब्द खरे असतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचे चित्र राहावे अशीच त्यांची रचना असते. महाभारतात त्या अर्धसत्याने जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला, आणि तेही युद्ध चालू असताना, शत्रूपक्षातल्या गुरूबाबत. मामांच्या बाबतीत तेवढेही निमित्त नाही.

ग्रीक आणि रोमन विचारवंतांनी हाच वाद घराच्या विक्रीवर घातला. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथात तो नोंदवला आहे. बॅबिलोनच्या डायोजेनिसचे म्हणणे, विकणाऱ्याने कोणावर सक्ती केली नाही, कायदा सांगेल तेवढे सांगावे, बाकी घेणाऱ्याने पाहावे. अँटिपाटरचे म्हणणे, माहीत असून न सांगणे म्हणजे चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही वाईट, कारण इथे माणसाला जाणूनबुजून चुकीत ढकलले जाते. सिसेरो अँटिपाटरच्या बाजूने जातो. त्याच्या मते प्रत्येक न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. ज्याला कळल्याने फायदा होईल त्याच्यापासून आपल्या लाभासाठी गोष्ट दूर ठेवणे म्हणजे लपवणे. घरातल्या व्यवहाराला यापेक्षा नेमकी कसोटी सापडणे अवघड आहे.

शंका सांगितली गेली की किमतीचा गुंता सुरू होतो. बाजारभाव एक असतो, मामा त्याहून कमी सांगतात, आणि ही सूट प्रेमाची की गिअरबॉक्सची हे कोणी स्पष्ट करत नाही. ॲरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्राच्या आठव्या भागात उपयोगावर उभ्या असलेल्या स्नेहाचे दोन प्रकार केले आहेत, एक ठरलेल्या अटींवर चालणारा आणि दुसरा मित्राला दिल्यासारखे देणारा, पण परतफेडीची अपेक्षा मनात ठेवणारा. तक्रारी सर्वांत जास्त तेव्हा होतात, असे तो म्हणतो, जेव्हा संबंध एका भावनेने सुरू होतो आणि दुसऱ्या भावनेने मिटवला जातो. मामा भेट समजून भाव उतरवतात, भाचा दोषाची भरपाई समजून तो घेतो. पुढे गिअरबॉक्स खोलावा लागला की मामांना वाटते, एवढे स्वस्तात दिले तरी कुरकुर. भाच्याला वाटते, खराब गाडी गळ्यात मारली. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून बाजारभाव आधी उघड बोलावा, दुरुस्तीचा अंदाज मेकॅनिककडून घेऊन तो वजा करावा, आणि त्याखाली मामांना जे सोडायचे असेल ते भेट म्हणून वेगळे सोडावे. हे वाण्याचे बोलणे वाटेल, पण आपुलकी टिकते ती अशाच बोलण्याने.

घेणाऱ्याचे कर्तव्यही हलके नाही. ‘मामांना काय वाटेल’ म्हणून गाडी न दाखवता घेणे हा आदर समजला जातो. करार कायद्याचे कलम १९ सांगते की साध्या काळजीने ज्याला सत्य कळू शकले असते, त्याला विकणाऱ्याच्या मौनाचे कारण देऊन करार मोडता येत नाही. नारदाचा सल्लाही तोच. ‘मामा, शनिवारी एकदा मेकॅनिककडे फिरवून आणतो’ या वाक्यात अविश्वास नाही. उलट ते ऐकून मामांच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते, कारण पुढे काही निघाले तर दोघांनीही ते पाहिलेले असते.

गाडी घरातल्या घरात फिरते तेव्हा नोंदणी जुन्याच नावावर राहते, ही वेगळी आणि गंभीर चूक. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक, मध्ये गाडी कितीही हातांतून गेलेली असो. दोष सांगणारे मामा आणि नावावर न करून घेणारा भाचा अशी जोडी झाली, तर उतारावर गिअर सटकल्याचे उत्तर मामांना द्यावे लागू शकते.

दोष सांगून, पाहून, किंमत ठरवून घेतलेली गाडी सहा महिन्यांनी बंद पडली तर खर्च घेणाऱ्याचा. त्या खर्चासोबत त्याने आणखी एक गोष्ट घेतलेली असते: कुरकुर न करण्याची बांधिलकी. पुढच्या लग्नात चारचौघांत ‘मामांनी दिलेली गाडी’ म्हणून टोमणा मारणे म्हणजे ठरलेल्या किमतीवर पुन्हा वसुली करणे होय. दोघांनाही आधी ठाऊक नसलेला वेगळाच दोष निघाला, तरी नियम बदलत नाही; अज्ञात दोषाची जोखीम वस्तूबरोबर जाते. मामांनी दुरुस्तीचे काही पैसे पुढे केले तर ते देणे लागत होते म्हणून नव्हे, आणि भाच्याने ते घेतले किंवा नम्रपणे परत केले, तरी हिशेब आधीच मिटलेला असतो.