बेशुद्ध माणसासाठी घातलेली घडी

भिवंडीत कापडाची घडी पडते ती उलगडण्यासाठी. मागावरून उतरलेला ग्रे कापडाचा तागा तपासला जातो, मोजला जातो, घडी होऊन गाठीत बांधला जातो आणि टेम्पोत चढतो. पुढे रंगाई, छपाई, आणि शेवटी कुठल्या तरी दुकानात गिऱ्हाइकासमोर तो फर्रकन उघडतो. लाखांच्या घरात माग असलेल्या या गावाला न उलगडणारी घडी ठाऊकच नाही. तसा माल पडून राहिला तर व्यापाऱ्याची झोप उडते. वैमानिकाच्या अंगावर असणाऱ्या, हवेने फुगणाऱ्या लाइफ जॅकेटची घडी याच्या नेमकी उलट जातीची आहे. ती घालणाऱ्याची मनोमन इच्छा असते की ती कधीच सुटू नये. हात मात्र ती अशी घालतात की वेळ आली तर कुठेही न अडकता ती काही सेकंदांत सुटावी.

भिवंडीहून हा विषय दूरचा वाटेल. पण १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीतच शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली, हे आज गोदामांच्या रांगांकडे पाहून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि इथून फार लांब नसलेल्या जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरे समुद्रावर जातात. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या जहाजाला समुद्रात ‘बॉम्बे हाय’चे तेल लागले, किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत माणसे कामाला जाऊ लागली आणि खाली सतत पाणी असलेला हा प्रवास रोजचा झाला. रोजचा म्हणून निर्धोक झाला असे नाही. ११ ऑगस्ट २००३ रोजी कामगारांना घेऊन निघालेले एमआय-१७२ हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि २७ जण गेले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावे लागले. आतल्या ९ जणांपैकी ४ वाचले नाहीत. मोठ्या विमानातला प्रवासी जॅकेट सीटखाली आहे एवढे ऐकतो आणि पेपर उघडतो. या वाटेवर ते अंगावर घालूनच बसायचे असते.

ते जॅकेट नीट ठेवणाऱ्यांचे काम पाहण्यासारखे असते, पण पाहायला कोणी जात नाही. स्वच्छ, कोरडी खोली, लांब गुळगुळीत टेबल. नखे कापलेली, खिशात पेन नाही, बोटात अंगठी नाही. प्रथम जॅकेट पूर्ण उघडायचे, शिवण आणि जोड बोटांनी चाचपायचे, मग कोरड्या हवेने ठरावीक दाबापर्यंत फुगवून काही तास तसेच सोडायचे. दाब उतरला की गळती, इतके ते सोपे नाही. खोलीचे तापमान ३ अंशांनी खाली आले तर आतल्या हवेचा एकूण दाब सुमारे १ टक्क्याने घटतो, आणि जॅकेटमधला जादा दाब मुळात इतका थोडा असतो की मापकावर ती घट ठळक दिसते. म्हणून दाबाशेजारी तापमानही लिहून ठेवतात. नाहीतर एसीची करणी जॅकेटच्या माथी मारली जायची. मग आतली हवा ओढून काढायची. थोडीशी जरी राहिली तरी घडी फुगीर होते आणि कव्हर लागत नाही. घडीही दरवेळी त्याच रेषेवर नको, कारण लेप दिलेले नायलॉन चिरते ते बहुधा जुन्याच दुमडीवर. कोकणच्या दमट हवेत तर हा लेप आधीच हळूहळू सैल पडत असतो.

मला सर्वांत विचार करायला लावते ती बाटली. बोटभर लांबीच्या त्या पोलादी बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात कोंबलेला असतो. ती भरलेली आहे का, हे दाब मोजून कळत नाही, कारण आत थेंबभर जरी द्रव उरला असेल तरी त्या तापमानाला दाब तोच राहतो. वजन करूनच कळते. घरचा गॅस सिलिंडर काट्यावर ठेवायला लावणाऱ्या गृहिणीला हे भौतिकशास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. बाटलीच्या अंगावर तिचे वजन कोरलेले असते. काट्यावर ते भरले नाही तर बाटली बाद. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पारा ३१ अंशांच्या वर चढला की आत द्रव आणि वायू हा भेदच मावळतो, पण ग्रॅम तेवढेच राहतात. १६ ग्रॅम वायू मोकळा झाला की साधारण ९ लिटर जागा व्यापतो, म्हणजे ९ किलो पाणी बाजूला सारतो. विमानातल्या जॅकेटमध्ये बहुधा अशा दोन बाटल्या आणि दोन वेगळे कप्पे असतात. माणसाला तरंगत ठेवायला याहून कमीही पुरले असते. पण नुसते तरंगणे आणि तोंड पाण्याबाहेर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाटलीच्या जोडीला एक तोंडाने फुंकायची नळीही असते. बाटली फुटलीच नाही तर ती उपयोगी, आणि हळूहळू हवा गळत असेल तर अधूनमधून भर घालायलाही. ही कल्पना फार जुनी आहे. निमरूदच्या राजवाड्यातला, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एक शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असिरियाच्या दुसऱ्या अशुरनासिरपालच्या काळचे सैनिक त्यात फुगवलेल्या कातड्यांवर नदी पोहून जाताना दिसतात, आणि कातड्याची नळी पोहताना तोंडात धरलेली आहे. सतत फुंकत राहावे लागत असणार. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधत. तो न फुंकता तरंगे, पण फुटला की संपला. या सगळ्या साधनांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. पाण्यात पडलेला माणूस शुद्धीवर आहे, घाबरलेला असला तरी हातपाय मारतो आहे.

दुसऱ्या महायुद्धाने ते गृहीतक मोडले. १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक जी जॅकेटे घालत ती तोंडाने फुगवायची होती. त्यांचा मातकट रंग समुद्रात दिसेना म्हणून वैमानिकांनी स्वतःच ती पिवळ्या रंगाने रंगवली. फुगल्यावर छातीला येणाऱ्या आकारावरून त्या जॅकेटला मे वेस्ट या सिनेतारकेचे नाव पडले होते. सैनिकांचा विनोद असाच असतो. पण भाजलेला, डोक्याला मार लागलेला, गारठून गळालेला माणूस नळीत फुंकणार कसा? पुढे बाटली आली. तरी प्रश्न उरलाच, की तो पालथा पडला तर जॅकेट त्याला उताणा करील का? जागा माणूस नकळत मान सावरतो, पाय हलवतो. त्याच्यावर ही परीक्षा घेता येत नाही.

तेव्हा एडगर पास्क नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःलाच पुढे केले. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश त्याला ईथरची गाढ भूल देत, श्वासनलिकेत नळी घालत, आणि निपचित पडलेल्या त्या देहाला निरनिराळी जॅकेटे चढवून तलावात सोडत. कोणते जॅकेट त्याचे तोंड वर आणते आणि कोणते त्याला पालथाच ठेवते, हे काठावरचे लोक टिपून घेत. आपले सगळे संशोधन झोपेत केलेला एकमेव माणूस, अशी त्याची थट्टा होई. फुगीर भाग छातीवर आणि मानेमागे कसा वाटून द्यावा, हा हिशेब अशा देहांवरून पक्का होत गेला. मला या प्रयोगात शौर्यापेक्षा एक विलक्षण नम्रता दिसते. इतरांच्या बेशुद्धीचा अंदाज बांधायला त्याने स्वतःची शुद्ध बाजूला ठेवली.

टेबलावर घडी घालणारा माणूस रोज त्याच देहासाठी काम करतो. उद्या तो देह काही करू शकणार नाही, असे धरूनच तो प्रत्येक दुमड घालतो. काही सैन्यांत पॅराशूट बांधणाऱ्याला आपल्याच हातच्या पॅराशूटने उडी मारायला लावतात. जॅकेटवाल्याच्या वाट्याला ही कसोटी येत नाही. त्याच्यापाशी कार्डावरची सही असते, आणि तारीख. आपल्याकडे सही म्हणजे कागद पुढे सरकवायचे साधन झाले आहे. इथे ती दुसऱ्याच्या श्वासाची जामीन आहे, हे विसरले की काम बिघडायला वेळ लागत नाही.

तरीही पास्कचा धडा शेवटपर्यंत ताणता येत नाही, आणि मला या विषयातली खरी गाठ इथेच वाटते. बेशुद्ध माणसाचा विचार करायचा तर जॅकेट पाणी लागताच आपोआप फुगावे. विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या लढाऊ वैमानिकाला तसेच जॅकेट हवे. हेलिकॉप्टरात मात्र तेच घातक. इंजिन आणि गिअरबॉक्सचे ओझे वर असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात उलटते. आत पाणी भरताना जॅकेट फुगले तर माणूस वर ढकलला जातो, आणि दार असते खाली. ज्या उचलीने त्याला तारायचे, तीच त्याला कोंडते. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहृत इथिओपियन विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा अनेक प्रवाशांनी आतच जॅकेटे फुगवली होती आणि त्यातले बरेच पाण्याने भरलेल्या केबिनमधून बाहेर पडू शकले नाहीत. म्हणून हेलिकॉप्टरच्या जॅकेटची बाटली फोडणारा दोरीचा मणी हाताने ओढायचा, आणि तोही बाहेर पडल्यावरच. इथे जॅकेट माणसाच्या शुद्धीवर विसंबून आहे. त्यासाठीच तलावात, उलट्या केलेल्या नकली केबिनमध्ये, पाण्याखाली श्वास रोखून खिडकी चाचपण्याचा सराव करून घेतात.

राहता राहिला जॅकेटचा कंबरेचा पट्टा. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत विमान उतरले आणि १५५ जण वाचले. सगळ्यांना आठवतो तो कॅप्टन. चौकशीत निघालेली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ज्यांनी आपल्या हाती जॅकेट होते असे सांगितले ते प्रवासी होते ३३, आणि कंबरेचा पट्टा बांधून ते नीट चढवू शकलेले फक्त ४. पट्टा सैल असेल तर फुगलेले जॅकेट हनुवटीपाशी सरकते आणि त्यातून माणूस खाली घसरतो. मानेमागचा सगळा हिशेब फुकट. फार आवळला तर फुगल्यावर छाती दबते. प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे तो बसवायला हवा, कपडे बदलले की पुन्हा. वैमानिक मंडळी निघायच्या घाईत यालाच कंटाळतात. सर्व्हिसिंगच्या खोलीतला माणूस घडी, बाटली, नळी, दिवा, शिट्टी सगळे बघून देतो, पण पट्टा त्याला दुसऱ्याच्या कमरेवरच बसवता येतो, आणि तेवढा वेळ ती कंबर त्याच्यासमोर स्थिर उभी राहायला हवी.