पदवी, सल्ला आणि साहस

व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी देणारी भारतीय व्यवस्थापन संस्था नागपुरांत २०१५ सालीं स्थापन झाली. आरंभीं ती विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारांत भरत असे. आतां मिहान परिसरांत तिची स्वतंत्र वास्तु आहे. घरचा मुलगा किंवा मुलगी धंद्यांतील सल्लागार होऊं म्हणत असेल, अथवा स्वतःचा उद्योग काढूं इच्छीत असेल, तर अशा पदवीसाठीं दोन वर्षें व कित्येक लाख रुपये खर्चावे काय, हा प्रश्न येथील सुशिक्षित कुटुंबांच्या अगदीं दाराशीं आला आहे. त्याचें उत्तर बहुधा पगाराच्या आंकड्यांत शोधलें जातें. परंतु त्याच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे: पदवीनें मनुष्यास नेमका कशाचा अधिकार प्राप्त होतो?

सल्लागार व उद्योजक यांस या बाबतींत एकाच मापानें मोजतां येत नाहीं. सल्लागार विकतो तें ज्ञान, आणि तें घेण्यापूर्वीं पारखण्याचें साधन गिऱ्हाइकाजवळ नसतें. वैद्याप्रमाणें त्यालाही कांहीं खूण दाखवावी लागते. पदवी ही ती खूण होय. शिवाय अनेक उद्योगांच्या यशापयशाचा अभ्यास आणि सहाध्यायांची ओळख, हे लाभही खरे आहेत. उद्योजकाचें तसें नाहीं. बाजारांत कापड घेणारा मनुष्य कापडाचा पोत पाहतो, कारखानदाराचें प्रमाणपत्र पाहत नाहीं.

कापडाचा विषय निघाला म्हणजे नागपूरकरास एम्प्रेस मिलची आठवण होणें साहजिक आहे. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं ती गिरणी सुरू केली. व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी त्या वेळीं जगांत कोठेंच नव्हती. हार्वर्डची प्रसिद्ध व्यवसायशाळा निघाली ती १९०८ सालीं. गिरणीची व्यवस्था त्यांनीं बेझनजी मेहता यांच्या हातीं दिली. मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यांतून आलेले. कापडाच्या धंद्याशीं त्यांचा पूर्वसंबंध नव्हता. आजच्या एखाद्या निवडसमितीनें केवळ पदव्या चाळल्या असत्या, तर त्यांस मुलाखतीचें बोलावणेंही गेलें नसतें. तरी याच जोडीच्या हाताखालीं गिरणी भरभराटीस आली.

यावरून शिक्षण निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. जमशेटजी स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकलेले होते, आणि गिरणी काढण्यापूर्वीं त्यांनीं लँकेशायरच्या गिरण्या जाऊन पाहिल्या होत्या. शिवाय ज्यांच्या गिरण्या बुडाल्या त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. या उदाहरणानें इतकेंच दिसतें कीं, आपणांस काय येत नाहीं हें ओळखणें व योग्य मनुष्य पारखणें, ही विद्या अनेक मार्गांनीं मिळते. पदवी हा त्यांपैकीं एक मार्ग आहे.

उद्योजकास खरा धोका आहे तो कर्जाचा. उद्योगाला जें भांडवल व जें साहस लागतें, तेंच पदवीच्या पायीं गहाण पडतें. हप्ते फेडण्यासाठीं नोकरी धरावी लागते, आणि दोन वर्षांपुरता पुढें ढकललेला बेत संसाराबरोबर मागें पडत जातो. सल्लागाराच्या बाबतींत धोका निराळा, व तो दुसऱ्यांस आहे. त्याचा सल्ला चुकला तर तोटा मालकास होतो आणि भाकरी जाते ती कामगाराची. त्याचा मेहनताना मात्र बहुधा आधींच पदरांत पडलेला असतो. गिरणी बंद पडणें म्हणजे काय, हें २००२ सालीं एम्प्रेस मिलला टाळें लागलें तेव्हां नागपूरच्या कितीक घरांनीं पाहिलें आहे.

म्हणून आमच्या मतें सल्लागारानें पदवी अवश्य घ्यावी, परंतु कांहीं वर्षें एखाद्या कारखान्याच्या हिशेबांत, गोदामांत व कामगारांत घालवावीं. अनुभवाशिवाय दिलेला सल्ला हा दुसऱ्याच्या जिवावर केलेला प्रयोग ठरतो. उद्योग काढूं इच्छिणाऱ्यानें ती ऋण न काढतां मिळत असेल तर घ्यावी. एरवीं हिशेब व कायदा शिकण्याचे स्वस्त मार्ग पुष्कळ आहेत. पदवी बोलण्याचा अधिकार देते. झीज सोसण्याची तयारी ज्याची त्यानें आणावी लागते, आणि मुलांस संस्थेच्या दाराशीं पोंचविण्यापूर्वीं आईबापांनीं तिचीही चौकशी करावी.